पाठभेदांची जपणूक

आमचे रामनगर अनमोड घाटाच्या वाटेवरचे. काळी नदीवर सुपा येथे धरण झाले, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या मुलखातील अनेक कुटुंबे येथे येऊन वसली. त्या बुडालेल्या वाड्यांची, शेतांची, पाणवठ्यांची नावे वृद्धांना विचारून लिहून ठेवावीत, असा उपक्रम काही वर्षांपूर्वी मी शाळेत घेतला. मुलांचे तीन गट एकच फाइल आपापल्या परीने दुरुस्त करीत. एके सायंकाळी एका गटाने आपली जुनी प्रत नव्या प्रतीवर चढविली आणि महिनाभरात जमविलेली सुमारे साठ नावे पुसली गेली. त्यांतील बरीचशी ज्या आजींनी सांगितली होती, त्या तोवर निवर्तल्या होत्या. दोष मुलांचा नव्हता. प्रतींची व्यवस्था न लावणाऱ्या माझाच होता.

पुढे दिवाळीच्या सुटीत बंगळुरूस संगणकक्षेत्रात नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, आमच्याकडे हजारो माणसे एकाच मजकुरावर काम करतात, पण जुने सहसा हरवत नाही. प्रत्येक बदलाची आम्ही नोंद ठेवतो." आणि त्याने मला 'गिट' नावाचे साधन दाखविले.

ज्या संगणकप्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येते, तिला 'ओपन सोर्स' म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली आरंभिलेली 'लिनक्स' ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तिच्या संहितेतील बदल सांभाळण्यासाठी वापरात असलेल्या एका खासगी साधनाची मोफत सवलत 2005 साली बंद झाली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. तेच हे गिट.

याची रीत सुबोध आहे. काम एका टप्प्यास आले की 'कमिट' करावयाचे, म्हणजे नोंद घालावयाची: कोणी बदलले, केव्हा आणि कशासाठी. प्रत्येक नोंदीस अक्षरांची व अंकांची एक लांबलचक मुद्रा मिळते. मजकुरातील एक काना जरी बदलला तरी मुद्रा बदलते. नवा प्रयोग करावयाचा तर मूळ मजकुरास धक्का न लावता वेगळी 'ब्रँच', म्हणजे शाखा काढावी आणि तो पसंतीस उतरल्यास मुख्य प्रवाहात मिळवावी. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल, तर गिट स्वतः निवाडा करीत नाही. ते दोन्ही पाठ समोर ठेवून थांबते. निर्णय माणसाने घ्यावयाचा. शिवाय काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ सामान्यतः साऱ्या इतिहासासह पूर्ण प्रत असते, त्यामुळे एक यंत्र बिघडले म्हणून सर्वस्व बुडत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' हे देवनागरी टंकही अशाच खुल्या कोठारात ठेवलेले आहेत.

मराठी वाचकास हे सारे परके वाटू नये. शके 1506 मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रतीप्रतींतून शिरलेल्या अशुद्धांमुळेच. मात्र कोणता शब्द कोठे बदलला, याची यादी त्यांनी मागे ठेवली नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा 1259 हस्तलिखितांचा आधार घेतला. स्वीकारलेला पाठ वर आणि इतर पाठभेद तळटीपांत छापले. संपादकाचा निर्णय ज्यास पटणार नाही, त्याला तो पुन्हा तपासता यावा, हा त्यामागील प्रामाणिकपणा. गिट हेच काम दररोज करते.

आता आमच्या शाळेतील यादी गिटमध्ये आहे. गेलेल्या नावांपैकी वीस-बावीस इतर वृद्धांकडून पुन्हा मिळाली. एका उताराचे नाव दोन आजोबा दोन प्रकारे सांगतात. आम्ही दोन्ही ठेवली आहेत, प्रत्येकासमोर सांगणाऱ्याचे व लिहून घेणाऱ्या मुलाचे नाव आहे. उरलेल्या नावांच्या जागा अजून कोऱ्या आहेत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतही कुळाचा वृत्तांत, ओव्या, सणांच्या रीती कोणी ना कोणी लिहून ठेवीत असतेच. संगणक येवो वा न येवो, दुरुस्ती करताना जुना शब्द खोडून टाकू नये. शेजारी नवा लिहावा, खाली तारीख घालावी आणि आपले नाव द्यावे.