का बरं? : तुटलेला ‘द्र’

शेंद्रा एमआयडीसीतल्या एखाद्या फलकासाठी जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोडने ‘शेंद्रा’ टाइप केलं, की ‘शेंद्‌रा’ दिसायचं. टायपिंग मात्र बिनचूक! युनिकोडमध्ये ‘द्र’ असं स्वतंत्र अक्षर नसतंच; द, हलन्त आणि र ओळीने साठवलेले असतात. रुळांवर डबे उभे आहेत, जोडणारा हवा. ते काम अक्षरजुळणीच्या यंत्रणेचं: फाँटमधला तक्ता पाहून ती तिघांच्या जागी एकच आकार बसवते. ऱ्हस्व वेलांटीही तीच व्यंजनाआधी नेते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ही सोयच नव्हती. मग डिझायनर श्रीलिपीसारख्या फाँटना धरून राहिले, यात नवल काय? तिथे इंग्रजी अक्षरांच्या कोडवर तयार मराठी आकार बसवलेले. छपाई सुबक, पण मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य इंग्रजी अक्षरं. नव्या आवृत्तीतही ‘द्र’ तुटलाच, तर परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ निवडा.