सुरतेचे हात

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनास १६६४ साल आठवते. आज सुरतेकडे जाणारा मराठी माणूस मात्र पोटासाठी जातो. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी कुटुंबे वर्षानुवर्षे नांदत आहेत. महापालिकेने त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळाही चालविल्या आहेत. यंत्रमाग आणि रंगाईच्या कारखान्यांवर हे शहर उभे आहे. यंत्रात सापडलेला हात वा उकळत्या पाण्याने भाजलेली कातडी घेऊन यांतला गरीब कामगार जातो कोठे? नव्या सिव्हिल रुग्णालयात, नाहीतर महापालिकेच्या स्मीमेरमध्ये. दोन्ही शिक्षण रुग्णालये. आणि शिक्षण रुग्णालयात अपरात्री रुग्णाची पहिली गाठ पडते ती निवासी डॉक्टराशी. त्याचे शिक्षण कसे होते, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस केवळ वैद्यकीय वर्तुळापुरता वाटत नाही.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचे रूप खुलविण्याची विद्या, असा एक समज रूढ आहे. वास्तविक तिचा जन्म विटंबनेच्या दुःखातून झाला. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडविले. हा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आला, आणि १८१४ साली कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने तीच क्रिया लंडनमध्ये करून दाखविली. (वृत्तांतात गाडीवानाचे नाव आहे, कारागिराचे नाही!)

त्या कुंभाराप्रमाणेच आजचा शल्यविशारदही हातानेच घडतो. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे सामान्य शल्यचिकित्सा व त्यापुढे तीन वर्षे एम.सीएच., एवढी तपश्चर्या झाली तरी ग्रंथ वाचून बोट जोडता येत नाही. बोटातील रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची, तिला शिवणारा धागा केसाहून बारीक. तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचे काम जपानमधील नारा येथे कोमात्सु व तामाई यांनी १९६५ साली प्रथम साधले. हा टाका आधी रबरी हातमोज्यावर, मग कोंबडीच्या तंगडीतील धमनीवर, पुढे उंदरावर शेकडो वेळा घालावा लागतो. जेथे ही सोय नाही, तेथे पहिला टाका थेट मजुराच्या बोटावर पडतो. शिकाऊ हात गरिबाच्याच अंगावर वळणार, हे कटू असले तरी अटळ आहे. परंतु त्या हाताशेजारी रात्री दोन वाजताही जाणता हात उभा असला पाहिजे. अध्यापक केवळ दूरध्वनीवर भेटत असेल तर त्यास शिक्षण म्हणता येणार नाही.

निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपलीकडे जाऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगून ठेवले आहे. प्रत्यक्षात ते कोठे पाळले जाते? छत्तीस तास जागलेल्या बोटांकडून केसाएवढ्या धाग्याची अपेक्षा धरणे हा रुग्णावरही अन्याय आहे. सरावाची प्रयोगशाळा, पुरेसे सूक्ष्मदर्शक आणि पूर्णवेळ अध्यापक यांवर सरकारने व पालिकेने हात आखडता घेऊ नये, अशी आमची मागणी आहे.

कारखानदारांनीही एवढे करावे : तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे, पिशवी बर्फावर ठेवावी, बोट उघडे बर्फात टाकू नये, ही सूचना गुजराती, हिंदी, उडिया आणि मराठीत प्रत्येक यंत्राजवळ लावावी. ते बोट नीट राखून वेळेत पोचले, तरच रुग्णालयातील त्या तरुणाला काही करता येईल.