एकेक पायरी

सकाळी दात घासणे, अंघोळ करणे, सदरा अंगात घालून त्याच्या गुंड्या लावणे, ही कामे माणूस इतक्या सहजतेने करतो की, ती आपणांस कधी काळी शिकावी लागली होती, याचे त्याला स्मरणही राहत नाही. परंतु काही मुलांना हीच कामे शिकण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात. लहानपणापासूनच बुद्धीची वाढ मंद गतीने झाल्यामुळे ज्यांना नवीन गोष्टी शिकणे व रोजचे व्यवहार सांभाळणे कठीण जाते, त्यांच्या या स्थितीस बौद्धिक अक्षमता म्हणतात. हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे, आणि तो कोणाचा अपराधही नव्हे.

अशा मुलांना काहीच शिकविता येणार नाही, असा समज पूर्वी सर्वत्र होता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एदुआर सेगँ या शिक्षकाने तो खोटा ठरविला. प्रथम हात, डोळे व स्नायू यांना वळण लावावे, मग बुद्धीला, असा त्याचा क्रम होता. १८४६ साली त्याने आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. पुढे इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी त्याच्या लेखनाचा अभ्यास करून रोममध्ये अशाच मुलांना शिकविले, आणि त्या अनुभवाच्या आधारे १९०७ साली सर्वसामान्य बालकांसाठी शाळा काढली. त्यांच्या पद्धतीच्या बालशाळांत गुंड्या लावण्याच्या सरावासाठी कापड ताणून बसविलेली लाकडी चौकट असते, ती याच परंपरेतली.

आता ही कामे शिकवितात कशी, ते पाहू. गुंडी लावणे हे एकच काम दिसत असले, तरी त्याच्या पोटात अनेक कामे आहेत. एका हाताच्या चिमटीत गुंडी धरावयाची. दुसऱ्या हाताने काज उघडे धरावयाचे. गुंडीची कड काजात सरकवावयाची. पलीकडे आलेली कड पकडावयाची. आणि शेवटी ती ओढून घ्यावयाची. शिक्षक प्रथम कामाच्या अशा पायऱ्या पाडतो. आरंभी तो मोठी गुंडी व सैल काज निवडतो.

यानंतरची युक्ती मोठी मार्मिक आहे. पुष्कळदा पहिल्या पायरीऐवजी शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात. पहिल्या चार पायऱ्या शिक्षक करतो व गुंडी ओढून घेण्याचे काम तेवढे मुलाकडे सोपवितो. ते साधले की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन, असे मागे मागे जातात. त्यामुळे प्रत्येक वेळी काम पुरे होते ते मुलाच्याच हातून. ‘मी लावली!’ हा आनंद त्यास पहिल्याच दिवशी मिळतो आणि पुढील कष्टांचे भय उरत नाही.

मदतीचेही असेच आहे. आधी हातावर हात ठेवून, मग नुसते बोट दाखवून, मग एका शब्दाने, आणि अखेरीस केवळ शांतपणे थांबून. मदत द्यावी कशी, याइतकेच ती काढून घ्यावी केव्हा, हे शिक्षकास कळावे लागते. शिवाय वर्गात कागदी नाणी मोजणाऱ्या मुलास बाजारात खरी नाणी मोजता येतीलच, असे नाही. म्हणून खरेदीचा सराव खऱ्या दुकानात व प्रवासाचा सराव खऱ्या बसमध्ये करावा लागतो.

या पद्धतीने केवढी मजल गाठता येते, हे अमेरिकेतील मार्क गोल्ड या संशोधकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने दाखविले. त्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना सायकलच्या ब्रेकचे पंधरा सुटे भाग जोडण्यास शिकविले. काही जणांसाठी प्रत्येक भागाची समोर यावयाची बाजू लाल रंगविली होती. ते इतरांपेक्षा लवकर शिकले. काम तेच होते. बदलली होती ती केवळ शिकविण्याची रीत.

मुंबईत अशा मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली. १९८४ साली केंद्र सरकारने सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तरीही या शिक्षणाचा मोठा भाग शाळेत नव्हे, तर घरात घडावयाचा असतो, आणि तेथे अडथळा येतो तो बहुधा मायेचाच. ‘त्याला जमायचे नाही’ असे म्हणून घरातील माणसे त्याचा घास कालवतात, त्याच्या गुंड्या लावतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु मूल मोठे होते, आईवडील वृद्ध होतात. आणि तीस वर्षांच्या माणसास सदरा घालण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते. लोकही त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावे तसे बोलतात. हे दुःख त्याच्या अक्षमतेमुळे येतेच असे नाही. पुष्कळदा ते संधी न मिळाल्यामुळे येते.

प्रत्येकास सर्वच कामे स्वतः करता येतील, असे नव्हे. काहींना जन्मभर थोडाबहुत आधार लागतोच. परंतु जेवढे काम ज्यास येते, तेवढे ते त्याच्या हक्काचे आहे. तेव्हा वर्गातील एखादा सोबती डबा उघडण्यास वेळ लावीत असेल, तर त्याच्या हातातून तो ओढून घेऊ नये. त्याने मागितल्यास मदत अवश्य करावी. तोवर धीराने थांबावे. पुढे झालेला हात क्षणभर मागे घेणे, हेही एक साहाय्यच होय.