दुनळी बंदूक खोलायची तरी किती?

आमच्या बाळकुम गावाच्या एका अंगाला खाडी आहे, आणि पावसाळ्यात इथल्या भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा हवेत वारसाने आलेली, रीतसर परवान्याची बारा बोरची दुनळी सांभाळणं सोपं नाही. तरी माझं ठाम मत आहे की जुन्या बंदुकांचं जास्त नुकसान गंज काढण्याच्या उत्साहानेच होतं.

साफ करायची तर पूर्ण खोलावी लागते, हा मोठा गैरसमज. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायची. मग नळ्यांखालचं लाकूड काढायचं आणि वरची कळ दाबून नळ्या बिजागरीवरून उतरवायच्या. तीन भाग झाले की घरचं काम संपलं. आतल्या यंत्राला हात लावू नये. जुन्या विलायती स्क्रूची खाच फार बारीक असते; बाजारातला पेचकस घसरतो आणि नक्षीवर कायमचा ओरखडा उठतो. ते काम परवानाधारक कारागिराचं.

नळ्या काढल्यावर चाप ओढून बघायचा मोह मात्र आवरा. ॲन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये बर्मिंगहॅमला जी रचना केली, तिच्यात बंदूक उघडताना आतले घोडे चढतात. नळ्या सुट्या असताना ते पडले, तर जोडताना पुढचं लाकूड अडतं. मग लोक ठोकाठोकी करतात, आणि लाकूड तडकतं.

जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण, हेही खरं नाही. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की जादा तेल लाकडात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. पुसट हात पुरे, बिजागरीला ग्रीसचा ठिपका. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि तेलाने निघत नाही. तिला आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, शेवटी तेल. चामड्याच्या म्यानात बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये, ते ओल धरून ठेवतं. खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकूही त्याच दिवशी पुसावं.

नळीवरची लाटांसारखी नक्षी गंज समजून पॉलिश पेपरने घासणारे भेटतात. ती दमास्कस नळी असते, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली. अशा कित्येक नळ्या काळ्या दारूच्याच दाबासाठी तपासलेल्या आहेत. काडतूस आत बसलं म्हणजे चालतं, ही समजूत तर जिवावर बेतणारी. जुन्या नळ्यांमधली काडतूस बसायची घरं अनेकदा 65 मिलिमीटरची असतात. 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळीवरचे शिक्के जाणकाराकडून वाचून घ्या.

मोडकी बंदूक परवान्याशिवाय चालते, असंही सांगतात. 1959 च्या शस्त्र अधिनियमातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रालाच आहे. स्प्रिंग तुटलेली दुनळी त्यात येत नाही. परवानाधारक वारल्यावर त्याची बंदूक वारसाने कपाटात ठेवायची नसते. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. 2019 च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण परवान्यावर, वारसाच्या धरून, दोनच बंदुका ठेवता येतात.