संकेतस्थळ चालू, पण गावात बंद

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, कर्नाटकाच्या सीमेला लागून पसरलेला जत हा क्षेत्रफळाने जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका होय. अवर्षणप्रवण असलेल्या या तालुक्यात गावागावांतील अंतरे मोठी आहेत व पाऊसही सर्वत्र सारखा पडत नाही. त्यामुळे सांगलीच्या पर्जन्यमापकावरून उमदीचा पाऊस कोणी ठरवीत नाही. त्यासाठी मोजमाप उमदीच्या परिसरातच करावे लागते. शासकीय संकेतस्थळांच्या उपलब्धतेलाही हाच न्याय लागू पडतो.

न नोंदलेला विलंब

सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा अशी अनेक कामे आता संकेतस्थळांमार्फत होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मात्र ही मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. सेवा केंद्रात आलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगण्यात आले, तर त्याचा अर्ज दाखलच होत नाही. त्याची बुडालेली मजुरी, दुसरी खेप आणि प्रसंगी हुकलेली अंतिम तारीख यांची नोंद कोठेच राहत नाही. मुख्यालयातील अहवालात मात्र संकेतस्थळ त्या दिवशी अखंड चालू असल्याचे दिसते. दोन्ही विधाने खरी असू शकतात, कारण मुख्यालयातील निरीक्षक संगणक सर्व्हरजवळ असतो आणि शेतकरी वाटेच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो.

दोष कोठे असू शकतो

गावातील संगणकावरून निघालेली मागणी प्रथम खोलीतील राऊटरपर्यंत, तेथून तारेने किंवा मोबाईल मनोऱ्यामार्फत तालुक्यापर्यंत व पुढे सर्व्हरपर्यंत जाते. यांपैकी एक दुवा निखळला तरी पडद्यावर पान उमटत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. जेथे तार एका रेषेत टाकलेली असते, तेथे रस्त्याच्या खोदकामात ती एका ठिकाणी तुटली की पलीकडची सर्व गावे बंद पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार जोडणीवर भर देण्यात आला. वर्तुळात एका बाजूने तार तुटली, तरी दुसऱ्या बाजूचा मार्ग उरतो.

पाहणीची पद्धत

दूरचा संगणक जागा आहे की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. ती आजही वापरात आहे. परंतु सर्व्हर जागा असणे आणि पान उघडणे या भिन्न गोष्टी आहेत. यासाठी गावातील संगणकावरच एक लहान आज्ञावली बसवून दर पंधरा मिनिटांनी क्रमाने तपासणी करता येते. राऊटर उत्तर देतो का? बाहेरचे एखादे भरवशाचे संकेतस्थळ उघडते का? हवे असलेले पान उघडते का? आणि पानावर अपेक्षित मजकूर आहे का? पान यशस्वीपणे मिळाल्यास सर्व्हर २०० हा संकेतांक पाठवितो, तर सेवा तात्पुरती बंद असल्यास ५०३. मात्र २०० मिळूनही पडद्यावर केवळ दिलगिरीचा संदेश असू शकतो. म्हणून मजकूर पाहणे आवश्यक ठरते.

राऊटर बोलतो, पण बाहेरचे काहीच उघडत नाही, तर दोष बहुधा जोडणीचा असतो. बाहेरचे उघडते व नेमके पान उघडत नाही, तर तो बहुधा संकेतस्थळाचा असतो. उमदी आणि डफळापूर या दोन टोकांच्या गावांतून तेच पान एकाच वेळी अडले, तर हा निष्कर्ष अधिक पक्का होतो. जोडणी मंद असल्यास उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा आणि लागोपाठ तीन प्रयत्न फसल्यावरच ‘बंद’ अशी नोंद करावी. अन्यथा खोट्या तक्रारींचा ढीग साचतो.

जोडणी नसताना नोंद पाठविता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंद वेळेसह प्रथम गावातील संगणकातच साठवावी व जोडणी येताच केंद्राकडे पाठवावी. संगणकाचे घड्याळ बरोबर असणे त्यासाठी महत्त्वाचे असते. एखाद्या गावाकडून काहीच नोंद आली नाही, तर ‘माहिती नाही’ असाच शेरा द्यावा. तेथे वीज गेलेली असू शकते किंवा संगणकच बंद असू शकतो.

टक्केवारीचा अर्थ

महिनाभरात ९९ टक्के उपलब्धता हा आकडा समाधानकारक वाटतो. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात व त्यांचा एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. हा काळ रात्रीचा असेल तर फारसे बिघडत नाही. पण तोच पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहापासून आला, तर अख्खा कामाचा दिवस जातो. म्हणून उपलब्धता कार्यालयीन वेळेपुरती व गावनिहाय मोजणे उचित होय.

आज्ञावली बसविण्याची सोय नसेल, तेथे साधी नोंदवहीही उपयोगी पडते. तारीख, वेळ, कोणते पान, पडद्यावर दिसलेला संदेश, अन्य संकेतस्थळे उघडत होती का आणि किती नागरिक परत गेले, एवढे रकाने पुरेत. शाळेतील शिक्षक, केंद्रचालक व ग्रामसेवक यांनी ही वही नियमित ठेवली आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ती वाचली गेली, तर तक्रारीला तारीख व वेळ यांचा आधार मिळेल. तार दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेला कोठे जावयाचे हे कळेल आणि परत गेलेल्या शेतकऱ्याच्या खेपेचीही शासनदरबारी नोंद होईल.