रोजच्या गाडीला हलकं फ्लायव्हील बसवावं का? एका प्रश्नाची चिरफाड

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की सुरुवातीचे प्रश्न बहुतेक वेळा असे असतात: 'अमुक पद्धत चांगली आहे का?', 'तमुक मटेरियल वापरलं तर फायदा होईल का?' याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. कारण कशासाठी चांगलं, कोणत्या परिस्थितीत आणि ते मोजायचं कशाने, हे काहीच ठरलेलं नसतं. म्हणून आज एक व्यवहारातला प्रश्न घेऊ आणि तो नीट मांडत जाऊ. रोज ऑफिसला न्यायच्या, मॅन्युअल गिअरच्या गाडीत हलकं फ्लायव्हील बसवावं का?

फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली जड चकती. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोनच पॉवर स्ट्रोक होतात, त्यामुळे टॉर्क धक्क्याधक्क्याने येतो. धक्क्याच्या वेळी फ्लायव्हील ऊर्जा साठवतं आणि मधल्या वेळात ती परत देतं. क्लचही याच चकतीवर बसतो.

योग्य राशी कोणती?

विकणारा तुम्हाला वजन सांगेल. पण इंजिनाला वजन जाणवत नाही, जाणवतो तो मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजेच जडत्व आघूर्ण. यात वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने गुणलेलं असतं. म्हणजे मध्याजवळचं १ किलो काढून जो फरक पडेल, त्याच्या चौपट फरक दुप्पट अंतरावरचं १ किलो काढल्याने पडतो. वजन सारखं असलेली दोन फ्लायव्हील्स गाडीत वेगळी वागू शकतात ती यामुळेच.

उदाहरणापुरते आकडे धरू: मूळ फ्लायव्हील ०.०८ किलोग्रॅम-मीटर वर्ग, हलकं ०.०४. गाडी ११०० किलोची, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर.

फायदा कुठे मिळतो?

फिरणारी चकती गाडीला किती किलो जड 'भासते', हे काढता येतं. इनर्शियाला एकूण गिअर रेशोच्या वर्गाने गुणा आणि चाकाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागा. पहिल्या गिअरमध्ये एकूण रेशो १४ धरला, तर ०.०४ च्या फरकाने गाडी सुमारे ८७ किलोने हलकी भासते. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस उतरवल्यासारखं! पाचव्या गिअरमध्ये एकूण रेशो ३.२ धरला, तर हाच फरक साडेचार किलोच्या आसपास येतो. पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीतून काढला, बस एवढंच.

एक्सप्रेसवेवर पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना काही कळणारही नाही. जो काही फायदा आहे तो खालच्या गिअरमध्ये.

तोटा कुठे होतो?

आता गंमत बघा. तोटाही तिथेच, कमी वेगाला आहे.

पहिली गोष्ट गाडी उचलण्याची. १५०० आरपीएमला मूळ फ्लायव्हीलमध्ये साधारण ९९० ज्यूल ऊर्जा असते. ही आपली गाडी ताशी ५ किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर तिची गतिज ऊर्जा साधारण १०६० ज्यूल होते. म्हणजे क्लच सोडताना फ्लायव्हीलकडे बऱ्यापैकी शिल्लक असते. हलक्यात ती निम्मी होते. मग सिग्नलला किंवा घाटातल्या चढावर गाडी बंद पडू नये म्हणून तुम्ही जास्त रेज देता, क्लच जास्त वेळ घासता. क्लच प्लेट तापते आणि लवकर झिजते.

दुसरी गोष्ट आयडलिंगची. टॉर्कचे धक्के तेवढेच राहिले, तर इंजिनाच्या वेगातला टक्केवारीतला चढउतार इनर्शिया आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४००० आरपीएमच्या तुलनेत ८०० आरपीएमला तो २५ पट. म्हणून इनर्शिया कमी केल्याचा त्रास आयडलिंगला थरथर आणि गिअरबॉक्सची खडखड अशा रूपात जाणवतो. मूळ फ्लायव्हील स्प्रिंगवालं ड्युअल मास असेल, तर ते काढून साधं बसवल्यावर ही खडखड आणखी वाढू शकते.

मोजमापाचा सापळा

हा भाग रिसर्च करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. 'डायनोवर पॉवर वाढली' असा दावा तुम्हाला ऐकू येईल. इनर्शिया डायनो हा ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून पॉवर काढतो. त्या वेळी इंजिनाचा काही टॉर्क स्वतःचंच फ्लायव्हील फिरवण्यात खर्च होतो. चकती हलकी केली की तो खर्च घटतो आणि आकडा वाढतो. पण ब्रेक डायनोवर आरपीएम स्थिर ठेवून मोजा. वेग बदलतच नाही, त्यामुळे फ्लायव्हीलचा वाटा शून्य, आणि पॉवर जिथल्या तिथे! दोन्ही मशीन बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. तुमच्या प्रयोगात तुमचं उपकरण नेमकं काय मोजतंय, हे निष्कर्ष लिहिण्याआधी तपासा.

मग बसवायचं की नाही?

आता प्रश्न असा झाला: 'जिचा बराचसा वेळ सिग्नल, ट्रॅफिक आणि चढांवर जातो अशा गाडीत, क्लचची झीज आणि आयडलिंगची थरथर न वाढवता, खालच्या गिअरमधला प्रतिसाद किती सुधारता येईल?' याला उत्तर देता येतं. माझं उत्तर: अशा गाडीला मूळ फ्लायव्हीलच ठीक. बदलायचंच असेल तर इनर्शिया थोडाच कमी करा, निम्मा नको. आणि क्लच बदलायची वेळ येईल तेव्हाच करा, कारण गिअरबॉक्स तेव्हा तसाही उतरवावा लागतो. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचं उत्तर वेगळं येईल, कारण तिथे इंजिन कायम वरच्या आरपीएमला असतं.

एक गोष्ट मात्र करू नका. जुनं कास्ट आयर्नचं फ्लायव्हील लेथवर वाटेल तसं पातळ करून घेऊ नका. फिरताना येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि कास्ट आयर्न ताणाखाली न वाकता एकदम फुटतं. चकती तुमच्या पायांपासून फार लांब नसते. स्टीलचं, बॅलन्स केलेलं फ्लायव्हीलच घ्या.

आता तुमचं काम. तुमच्या प्रपोजलमधला मुख्य प्रश्न एका कागदावर लिहा आणि खाली तीन ओळी जोडा: कोणती राशी, कोणत्या परिस्थितीत, कशाने मोजणार. एखादी ओळ रिकामी राहिली, तर प्रयोगाचं सामान मागवायची घाई करू नका.