स्टिअरिंग ढिलं, जिवाला घोर

मैत्रिणींनो, जुनी गाडी म्हणजे घरातलं म्हातारं माणूस. वेळेवर तेलपाणी झालं की फारशी कुरकुर नाही. आमच्या मंचरच्या घरी सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी अजून आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघालेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली. मुंबईतली पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आमची मात्र मी हौसेनं चालवते.

मध्यंतरी ओतूर सोडून माळशेजच्या रस्त्याला लागले, तर स्टिअरिंग चांगलं तीन बोटं फिरवलं तरी चाक हलेना! सपाट रस्त्यावर हे खपून जातं, घाटाच्या वळणावर नाही. घाट लागायच्या आतच गाडी मागे वळवली.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतो, दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "काका, आधी ढिलाई कुठंय ते बघू या की."

कारण बॉक्सचे दाते सरळ चालताना जिथं एकमेकांवर येतात, तिथंच जास्त झिजतात. तेवढी झीज बघून स्क्रू जास्त आवळला, तर वळणावर स्टिअरिंग जड होतं, आपसूक सरळ येत नाही. मी स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवलं, काकांनी खालून सांध्यांना हात लावला. टाय रॉडचा एक एण्ड खडखडत होता. तो बदलला, मग अलाइनमेंट करून घेतली. स्क्रूला हातही लावावा लागला नाही.

ढिलाई तुम्हालाही तपासता येते. गाडी सपाट जागी बंद ठेवा, चाकं सरळ हवीत. स्टिअरिंग दोन बोटांनी हलवा आणि कुणालातरी पुढच्या चाकाकडे बघायला सांगा. चाक हलण्याआधी स्टिअरिंग बरंच फिरत असेल, तर मिस्त्रीकडे न्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कुणी शिरू नये.

स्टिअरिंग जड लागलं तर आधी टायरची हवा बघा. किंगपिनच्या निपलमधून वेळच्या वेळी ग्रीस भरून घ्या. बॉक्समधलं गिअर ऑइल कमी झालंय का, तेही विचारा.

गाडी कुणाच्याही नावावर असो, स्टिअरिंग जिच्या हातात, तिनं विचारायलाच हवं. त्यात लाजायचं काय?